भिशीचे सात हजार आणि २०१२ चा कॉम्प्युटर : कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

भिशी लागली. त्यातले सात हजार कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले. ह्याच्या पुढे एक रुपया घालायचा नाही, हे घरात सगळ्यांसमोर ठरलं.

मशीन २०१२ साली सोलापूरच्या नवी पेठेतून असेंबल करून आणलेलं. इंटेल कोअर आय-थ्री २१२०, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. माझं टायपिंगचं काम सगळं ह्याच्यावरच : अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचा मजकूर, खालच्या टॉवेलच्या कारखान्याची बिलं. मुलगी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघतेय, तिचे अकरावीचे फॉर्मही इथूनच भरायचे.

आजची अवस्था मोबाइलवर वेळ लावून मोजली. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला ३ मिनिटं ४० सेकंद. ब्राउझर उघडून पान वाचता यायला आणखी दीड मिनिट. चाळीस पानांची जुनी फाइल उघडायला ३८ सेकंद. प्रत्येक वेळी तारीख १ जानेवारी २०११ वर जाते, त्यामुळे बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवते. हे शेवटचं दुखणं स्वस्तातलं आहे. बोर्डावरचा, तारीख-वेळ सांभाळणारा सीआर २०३२ सेल संपलाय.

१७ एप्रिल, गुरुवार

कुणाला काही विचारायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा ठेवून दिवसभर नेहमीचं काम केलं. मशीन कुठे थांबतंय ते स्वतः बघायचं होतं.

प्रोसेसर ३० ते ३५ टक्के. मेमरी ९० च्या वर. डिस्क १०० टक्के, आणि तीही सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी वाचत असताना! पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटेल. शंभर टक्के कामात आहे आणि काम तर काहीच होत नाही.

कारण डिस्कच्या बनावटीत आहे. ती मिनिटाला ७२०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला आणखी वेळ. एका तुकड्याला असे बारा-तेरा मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला ऐंशीच्या आसपासच तुकडे हाती येतात. विंडोज सुरू होताना हजारो बारके तुकडे मागते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी देते, पण रोजचं काम तसं नसतंच.

दुसरी गोष्ट. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे डिस्कच्या त्या शंभर टक्क्यांत रॅमच्या कमतरतेचाही वाटा आहे. दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत.

रात्री क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम चालवला. पिवळा इशारा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य असायला हवा, तिथे आकडा आलाय. डिस्कला वाचता न आलेले आणि अजून बाजूला न काढलेले हे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे. पुतण्याची एक्स्टर्नल डिस्क मागवून लगेच कॉपी लावली. आधी कामाच्या फायली, मग कागदपत्रांचे स्कॅन, फोटो शेवटी. मरायला टेकलेली डिस्क किती वेळ साथ देईल ते सांगता येत नाही. ज्याच्याशिवाय उद्या अडेल ते आधी.

२० एप्रिल, रविवार

सकाळी लवकर, खाली माग सुरू व्हायच्या आत कॅबिनेट उघडून गच्चीवर नेलं.

आमच्या पूर्व भागात ज्यांच्या घराखाली माग आहेत त्यांनी ही नोंद नीट वाचावी. प्रोसेसरवरचा पंखा काढल्यावर खालचं, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारं ॲल्युमिनियमचं हीटसिंक दिसलंच नाही. त्याच्यावर सुताच्या तंतूंचा सलग थर बसला होता, बोटभर जाड. चिमट्याने तो अख्खा उचलला गेला. उन्हात धरून पाहिला तर कडेला रंगांचे पदर स्पष्ट दिसत होते : वरती पांढरा, मग मरून, मग पुन्हा पांढरा, खाली निळा. ज्या ज्या वर्षी ज्या रंगाच्या टॉवेलची ऑर्डर चालली, ती इथे येऊन बसली आहे. मुलीने तो थर कागदावर ठेवून फोटो काढला.

नुसती धूळ असती तर हवा मारून उडाली असती. सूत तसं उडत नाही, पात्यांमध्ये गुंततं. म्हणून आधी चिमटा, मग मऊ ब्रश, मग ब्लोअर, ह्या क्रमाने गेले. ब्लोअर मारताना पंखा बोटाने घट्ट धरायचा. हवेने तो भलत्याच वेगात फिरला तर बेअरिंग जाते.

हीटसिंक काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालू ठेवलं होतं, प्रोसेसर आणि हीटसिंक ह्यांच्यामधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट जरा सैल व्हावी म्हणून. चारही पिना बाणाच्या दिशेने पाव फेरा वळवून वर ओढल्या आणि हीटसिंक थेट न उपसता आधी किंचित पिळलं. पेस्ट वाळून खडू झाली होती. स्पिरिट आणि सुती कापडाने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, मग समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. बोर्ड वरून दाबला की मागे वाकतो, म्हणून चारही पिना मागून आरपार आल्यात का ते आरशात पाहिलं.

परिणाम : माडीवरच्या खोलीत दुपारी ३८ अंश. आधी मशीन नुसतं बसलेलं असताना प्रोसेसर ६८ अंश आणि कामाला लागला की ९० च्या वर जायचा. आता बसून ४७, कामात ६६. पंख्याचा आवाज बसला. खर्च पेस्टचे १५० आणि सेलचे ४० रुपये.

सुरू व्हायचा वेळ मात्र जवळपास तोच, ३ मिनिटं २५ सेकंद. अपेक्षित होतं. उष्णतेचं दुखणं वेगळं आणि डिस्कचं वेगळं.

२२ एप्रिल, मंगळवार

वायरमनमामा कारखान्यात आले होते. ‘अक्का, मीटर आहे, बघून टाकू,’ म्हणाले. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोकळ्या कनेक्टरमध्ये काळ्या आणि पिवळ्या वायरीवर मीटर लावला. मशीन निवांत असताना ११.७ व्होल्ट. डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही कामाला लावले तर ११.२८. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट हवेत आणि चढउतार पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. लाल वायरीवर ५ व्होल्ट ठीक होते.

एसएमपीएस यादीत गेला. बारा वर्षं आमच्या भागातल्या विजेवर चालल्यावर त्याच्यातले कपॅसिटर थकणारच. नवी डिस्क जुन्या एसएमपीएसवर लावणं मला पटत नाही.

संध्याकाळी पुतण्या त्याची यादी घेऊन आला. ‘काकू, सेकंडहँड आय-सेव्हन ३७७० टाकू की. आणि एक ग्राफिक्स कार्ड.’ त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तो प्रोसेसर ह्या सॉकेटमध्ये बसतो, बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम, अपडेट केलं की एच-६१ वर चालतो. पण १७ तारखेचे आकडे त्याला दाखवले. माझ्या कामात प्रोसेसर पस्तीस टक्क्यांच्या पुढे जात नाही. चार कोअरचा आणला तर तो पंधरा टक्क्यांवर बसून त्याच डिस्कची वाट बघेल.

त्याने मग खरा मुद्दा काढला : मुलीचे क्लासचे व्हिडिओ अडखळतात. यूट्यूबचा १०८० चा व्हिडिओ लावला की प्रोसेसर खरंच ९५ टक्क्यांवर जातो. कारण असं की यूट्यूब हल्ली व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन स्वरूपात व्हिडिओ पाठवतं आणि ह्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला ते स्वतः उलगडता येत नाहीत. तिला एच-२६४ हे जुनं स्वरूप येतं. ब्राउझरला ‘एच२६४इफाय’ नावाचं एक्सटेन्शन लावलं, यूट्यूबने एच-२६४ पाठवायला सुरुवात केली, प्रोसेसर २५ टक्क्यांवर आला. कार्डाचे पैसे वाचले. पुतण्याने स्वतः तीन-चार व्हिडिओ लावून खात्री केली आणि यादीतून कार्ड खोडलं.

रिफर्बिश्ड मशीनचाही विचार झाला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तसं मशीन सात हजारांत येत नाही. विषय संपला.

२६ एप्रिल, शनिवार

नवी पेठ. ऊन टाळायला संध्याकाळी गेले.

४८० जीबीची साटा केबलने जोडायची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, २,७०० रुपये. दुकानदार जास्त वेगवाली महागडी दाखवत होता. एच-६१ वर साटाचे सगळे पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटवाले आहेत, त्यातून तीनशे एमबीच्या आतच माल जातो. ५५० एमबीची डिस्क लावली तरी ती इथे निम्म्यावरच चालणार. मला हवाय तो बारक्या तुकड्यांचा वेग, आणि तो साध्या एसएसडीतही हार्ड डिस्कच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे तीन वर्षांची वॉरंटी आणि बिल, एवढंच बघून घेतली.

८ जीबी डीडीआर-थ्री रॅम १,१००. नावाजलेल्या कंपनीचा ४०० वॉटचा एसएमपीएस १,३५०. साटा केबल ६०. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ४५०.

२७ एप्रिल, रविवार

एसएमपीएस बदलला. १२ व्होल्टची वायर आता लोडवरही १२.०५.

रॅम लावली तर स्क्रीन काळा, स्पीकरमधून लांब बीप. जुनी रॅम काढून फक्त नवी लावली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, रबराने तिचे सोनेरी दात पुसले, तरी तेच. मग स्टिकर आणि चिपा नीट पाहिल्या. बाजारात ८ जीबीच्या स्वस्त डीडीआर-थ्री रॅम येतात, त्यातल्या काही फक्त एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर चालतात. त्यांच्यावरच्या चिपांची जोडणी वेगळी असते, ती ह्या काळातल्या इंटेल प्रोसेसरला ओळखता येत नाही. इंटेलच्या जुन्या बोर्डाला ‘२आरएक्स८’ लिहिलेली लागते, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली. आणि ‘पीसी३-१२८००’ च्या शेवटी ‘यू’ अक्षर हवं. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची, ती घेऊ नये.

ही गोष्ट दुकानात विचारून कळेलच असं नाही. घेताना स्टिकर स्वतः वाचावा.

२८ एप्रिल, सोमवार

दुकानदाराने हुज्जत न घालता बदलून दिली. मीच त्याच्या ट्रेमधून २आरएक्स८ वाली शोधून काढली. जुनी ४ आणि नवी ८ मिळून १२ जीबी दिसतेय. दोन्ही आकाराने वेगळ्या असल्या तरी चालतात. जेवढा भाग जुळतो तेवढा दुहेरी वाटेने आणि उरलेला एकेरी वाटेने वापरला जातो. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला. सकाळी एकही चूक नाही.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. पत्रिकांचं काम अंगावर आहे, कॅबिनेटला हात लावला नाही. रॅममुळे एवढं कळतंय की फायली एकीतून दुसरीत जाताना अडकत नाहीत. सुरू व्हायला मात्र अजून तीन मिनिटं.

४ मे, रविवार

मोठं काम आज. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करायचा मोह होता, सगळं जागच्या जागी मिळालं असतं. पण वाचता न येणारे सेक्टर असलेल्या डिस्कवरून नक्कल करायची आणि त्यातली एखादी सिस्टिम फाइल अर्धवट आली तर ते दुखणं पुढे वर्षभर छळेल. नव्याने टाकायचं ठरवलं.

आधी बायोस. असेंबल करणाऱ्याने साटाचा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, ठेवला होता. तो एएचसीआय केला, म्हणजे डिस्क एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत घेऊ शकते. हे नेहमी सिस्टिम टाकायच्या आधी करावं. आयडीईवर टाकलेल्या विंडोजखालून मोड बदलला की ते निळा स्क्रीन दाखवून थांबतं.

एसएसडीचे दोन भाग केले. १५० जीबीवर विंडोज १०, बाकी जागेवर लिनक्स मिंट २२.१ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. विंडोज आधी आणि मिंट नंतर, ह्याच क्रमाने. मग सुरुवातीला दोन्हींपैकी कुठलं हवं ते विचारणारी यादी आपोआप येते. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं होतं, इंटरनेट लागताच ते मान्य झालं.

दोन सिस्टिम का, ते लिहून ठेवते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. त्यानंतर सुरक्षेचे साधे अपडेट येणार नाहीत, आणि माझ्याकडे लोकांची आधार कार्डं, दाखले, सह्या स्कॅन होऊन येतात. त्यांची कागदं मी तशा मशीनवर इंटरनेटला जोडून ठेवणार नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पण माझ्या बारा वर्षांच्या फायली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत आणि त्या टायपिंगचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. म्हणून विंडोज ठेवलं, त्याच कामापुरतं.

बटणापासून डेस्कटॉपपर्यंत मिंट २६ सेकंद, विंडोज ३३. सलग वाचनाचा वेग २६५ एमबी. चाळीस पानांची फाइल चार सेकंदांत. मुलीने परत परत बंद-चालू करून पाहिलं.

७ मे, बुधवार

मिंटवर मराठी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमध्ये मिळाला. पहिली परीक्षा ‘वाऱ्या’, ‘खोबऱ्या’ ह्या शब्दांची. शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग य. चंद्रकोरीसारखा र बरोबर उमटला. बिलात ‘विणणाऱ्या कामगारास’ हे पदोपदी येतं, तिथे ‘विणणार्या’ गेलं तर मला चालत नाही.

लिबरऑफिस ह्या मिंटवरच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येत होते. सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीची भाषा हिंदी होती, ती मराठी केली. काही फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं आत बसवलेलीच असतात, भाषा मराठी आहे हे कळल्यावर ती वर येतात. पत्रिकेत हे फार महत्त्वाचं. लोक पत्रिका जपून ठेवतात, देवापुढे ठेवतात.

प्रिंटर आपोआप सापडला. स्कॅनरही.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल, दुपारी एक वाजता. गल्लीतली पोरं सकाळपासून आमच्या माडीवर. यादी करून एकेकाचा बैठक क्रमांक घातला. ब्राउझरमध्ये दहा-बारा पानं उघडी होती आणि मेमरी निम्मीसुद्धा भरली नाही. मुलीला ८९.४० टक्के. निकालाच्या प्रती छापून सगळ्यांना दिल्या, पैसे घेतले नाहीत.

२१ मे, बुधवार

वळीव धरलाय. रोज संध्याकाळी वीज जाते. यूपीएस जोडलेला असूनही मशीन तात्काळ बंद होत होतं. यूपीएस उघडला तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी फुगलेली. जुनी देऊन नवी ९५० ला आली. वायरी जोडताना लाल कुठे आणि काळी कुठे ते आधी कागदावर काढून घेतलं.

पहिल्या चार्जिंगनंतर मुद्दाम मेन स्विच बंद करून मोजलं. मॉनिटरसकट वीस मिनिटं निघाली. चालू असलेलं पान सेव्ह करून नीट बंद करायला ती पुष्कळ.

सगळ्या खर्चाची बेरीज ६,८०० झाली. दोनशे उरले.

२८ मे, बुधवार

यंदापासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्राला लागू झालाय. मुलीची नोंदणी घरूनच झाली, सायन्स. तिच्या दोन मैत्रिणींचीही. कागदपत्रं स्कॅन करून लागेल त्या आकारात आणायला पूर्वी अर्धा दिवस जायचा, आज जेवायच्या आत तिघींचं उरकलं.

८ जून, रविवार

जुनी डिस्क काढून टाकली. तिच्यावर लोकांची कागदं होती, म्हणून भंगारात तशीच देणार नाही. जिथवर लिहिता येतं तिथवर पूर्ण पुसली, मग उघडून आतल्या चकत्या ओरखडल्या.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून पातळ सुती जाळी लावली, चेनने निघणारी. दर पंधरा दिवसांनी धुवायची. प्रोसेसरचं तापमान दोन अंश वाढलं, तेवढं चालेल. आज काढून पाहिली तर तिच्यावर हिरवट थर आलाय. खाली सध्या हिरव्या टॉवेलची ऑर्डर चालू आहे.

विंडोजचं इंटरनेट कायमचं बंद केलं. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम रोज रात्री थोडं थोडं. कन्व्हर्टरने मजकूर येतो, पण जोडाक्षरं आणि रफार जागा सोडतात, त्यामुळे प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. उरलेले दोनशे मुलीला दिले, तिने मागच्या तपासणीत नावांमधल्या चुका पकडल्या होत्या. पत्रिकांचा फोल्डर पूर्ण झाला. अर्जांचा निम्मा बाकी, प्रतिज्ञापत्रांचा सगळाच. १४ ऑक्टोबरच्या आत उरकायचाय.